बॅटरीचे व्होल्टेज आणि ॲम्प्लिफायरचे वॅट : पुस्तिकेतले ६०० प्रत्यक्षात किती उरतात?

मूळ प्रश्न

माझ्या गाडीत सबवूफरसाठी एका चॅनेलचा क्लास-डी ॲम्प्लिफायर बसवलेला आहे. त्याच्या माहितीपुस्तिकेत २ ओहमच्या भारासाठी दोन आकडे दिलेले आहेत : १४.४ व्होल्टला ६०० वॅट आणि १२.६ व्होल्टला ४६० वॅट. व्होल्टेज जेमतेम एक अष्टमांशाने कमी होत असताना शक्ती जवळजवळ एक चतुर्थांशाने का घटावी, हा माझा पहिला प्रश्न आहे.

दुसरा प्रश्न अधिक व्यावहारिक आहे. रात्री गाडी उभी असताना जोरकस बेस लागला की हेडलाइट प्रत्येक ठोक्याला किंचित मंदावतात, आणि लांबलेला बेसचा सूर मध्येच दबल्यासारखा, बोथट झाल्यासारखा वाटतो. हे दूर करण्यासाठी मला आजवर तीन वेगवेगळे सल्ले मिळाले : मोठी बॅटरी घ्या, एक फॅरडचा कपॅसिटर लावा, अल्टरनेटर बदला. तिन्ही खर्चिक आहेत आणि यांपैकी कोणत्याही सल्ल्यामागचे कारण मला कोणी नीट समजावून सांगितलेले नाही. ते समजून घेतल्याशिवाय काहीही विकत घ्यायचे नाही असे ठरवले आहे. जाणकारांनी कृपया सविस्तर लिहावे.

प्रतिसाद १

पहिल्या प्रश्नाचे उत्तर सोपे आहे. ठरावीक रोधावर मिळणारी शक्ती व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते. १२.६ भागिले १४.४ म्हणजे ०.८७५, त्याचा वर्ग सुमारे ०.७६६, आणि ६०० वॅटचे तेवढे म्हणजे ४५९ वॅट. आपल्या पुस्तिकेतला ४६० चा आकडा या हिशेबाशी तंतोतंत जुळतो. एवढ्यावरूनच आपल्या ॲम्प्लिफायरबद्दल एक महत्त्वाची गोष्ट कळते, ती अशी की त्याचा अंतर्गत वीजपुरवठा नियंत्रित प्रकारचा नाही.

हे थोडे उलगडून सांगतो. गाडीतले १२-१४ व्होल्ट थेट वापरून फार मोठी शक्ती काढता येत नाही. डॅशबोर्डवरच्या स्टिरिओचेच उदाहरण घ्या. त्यातली ॲम्प्लिफायरची चिप ब्रिज पद्धतीने जोडलेली असली तरी स्पीकरवर जास्तीत जास्त १४.४ व्होल्टचे शिखर उभे राहू शकते. ४ ओहमच्या स्पीकरवर शुद्ध साइन तरंगाची शक्ती त्यामुळे सुमारे २६ वॅटच्या पलीकडे जाऊच शकत नाही, आणि चिपमधले नुकसान वजा जाता ती साधारण वीसच्या आसपास राहते. खोक्यावर छापलेले ‘५० वॅट गुणिले ४’ हे तरंग पूर्ण चौकोनी होईपर्यंत विकृत केल्यावरच निघतात : १४.४ चा वर्ग भागिले ४, म्हणजे ५२.

यापेक्षा अधिक शक्ती हवी असेल तर व्होल्टेज आधी वाढवावे लागते. म्हणून वेगळ्या ॲम्प्लिफायरमध्ये एक डीसी-डीसी कन्व्हर्टर असतो. मॉसफेट, म्हणजे स्विचसारखे काम करणारे ट्रान्झिस्टर, बॅटरीचा एकदिश प्रवाह सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद करतात, तो फेराइटच्या कड्यावर गुंडाळलेल्या ट्रान्सफॉर्मरमधून जातो आणि पलीकडे धन व ऋण असे दोन वाढीव व्होल्टेजचे पुरवठे, म्हणजे रेल, तयार होतात. स्पीकरला मिळणारा तरंग या दोन रेलच्या मर्यादेतच वर-खाली होतो. अनियंत्रित पुरवठ्यात ट्रान्सफॉर्मरच्या वेढ्यांचे गुणोत्तर ठरलेले असते, त्यामुळे बॅटरीचे व्होल्टेज जितक्या पटीने उतरेल तितक्याच पटीने रेलही उतरतात. नियंत्रित पुरवठ्यात मात्र चालू-बंदच्या काळाचे प्रमाण बदलून रेल स्थिर ठेवले जातात आणि ११ ते १४.४ व्होल्टच्या दरम्यान शक्ती जवळपास तेवढीच राहते.

१४.४ हाच आकडा का, असाही प्रश्न पडू शकतो. गाडीतील ॲम्प्लिफायरची शक्ती मोजण्याचे सीईए-२००६ (आता सीटीए-२००६) नावाचे मानक आहे. १४.४ व्होल्ट, ४ ओहम आणि १ टक्क्यापेक्षा जास्त विकृती नाही, अशा अटींवर त्यात मुख्य आकडा मोजला जातो. मानक प्रामाणिक आहे, पण आपल्या ॲम्प्लिफायरच्या टर्मिनलवर खरोखर १४.४ व्होल्ट पोहोचतात की नाही, हे ते पाहू शकत नाही.

प्रतिसाद २

वरील विवेचनाशी पूर्ण सहमत आहे. मी गाड्यांमध्ये साउंड सिस्टिम बसवण्याचे काम बरीच वर्षे करत आहे, म्हणून दुसऱ्या प्रश्नाबद्दल लिहितो.

६०० वॅटचे ४६० झाले हे वाचायला भयंकर वाटते, परंतु कान वॅट मोजत नाही. हा फरक डेसिबलमध्ये सुमारे १.१५ इतका आहे. लक्ष देऊन ऐकणाऱ्यालाही एक डेसिबलचा फरक जेमतेम कळतो, आणि आवाज ‘दुप्पट’ वाटण्यासाठी साधारण दहा डेसिबल, म्हणजे दहापट शक्ती लागते. १४.४ वरून थेट ११.५ व्होल्टपर्यंत घसरण झाली तरी अनियंत्रित ॲम्प्लिफायरचे नुकसान दोन डेसिबलच्या आतच राहते.

मग हेडलाइट इतके का लुकलुकतात? साध्या तारेच्या किंवा हॅलोजनच्या दिव्याचा प्रकाश व्होल्टेजच्या साधारण ३.४ व्या घाताने बदलतो. व्होल्टेज दहा टक्क्यांनी उतरले तर प्रकाश तब्बल तीस टक्क्यांनी घटतो. त्याच दहा टक्क्यांत आवाजाचे नुकसान एका डेसिबलपेक्षाही कमी असते. थोडक्यात, डोळ्याला जे स्पष्ट दिसते ते कानाला जवळपास ऐकूच येत नाही. दिवे लुकलुकताना पाहून ‘आपला आवाज कमी होतो आहे’ असा निष्कर्ष काढून लोक खर्चाला लागतात, याचे मला मनापासून वाईट वाटते. एलईडी हेडलाइटमध्ये तर स्वतंत्र ड्रायव्हर असतो आणि तो प्रवाह स्थिर ठेवतो, त्यामुळे तिथे व्होल्टेज कोसळले तरी दिवे काहीच सांगत नाहीत.

आपण लिहिलेले ‘सूर मध्येच बोथट होतो’ हे लक्षण मला दिव्यांपेक्षा जास्त महत्त्वाचे वाटते. ते आवाज कमी होण्याचे लक्षण नसून बहुधा क्लिपिंगचे आहे. रेल उतरले की तरंगाची शिखरे आधीच छाटली जातात. गेन (आत येणारा सिग्नल ॲम्प्लिफायरने किती पट वाढवायचा ते ठरवणारी घुंडी) १४ व्होल्टच्या हिशेबाने लावलेला असेल आणि टर्मिनलवर १२ व्होल्टच पोहोचत असतील, तर काल स्वच्छ वाजणारी पातळी आज विकृत वाजू लागते.

प्रतिसाद ३

मी ॲम्प्लिफायर दुरुस्त करतो. इथे एक मुद्दा सुटतो आहे असे वाटते. माझ्याकडे येणाऱ्या नगांपैकी बऱ्याच जणांचे पुरवठ्याकडचे मॉसफेट जळालेले असतात, आणि चौकशी केली की बहुतेक वेळा गाडीचे व्होल्टेज कमी पडत असल्याचे आढळते. व्होल्टेज कमी झाले की ॲम्प्लिफायर तेवढीच शक्ती देण्यासाठी जास्त प्रवाह ओढतो, जास्त तापतो आणि शेवटी जातो. ‘फक्त एक डेसिबल’ असे म्हणून हा विषय सोडून देणे मला योग्य वाटत नाही.

प्रतिसाद ४ (प्रतिसाद १ लिहिणारा)

आपला अनुभव खरा आहे, पण तो नियंत्रित पुरवठ्याला लागू पडतो. उदाहरणार्थ, नियंत्रित ॲम्प्लिफायर ५०० वॅट देत असेल आणि त्याची कार्यक्षमता ८० टक्के असेल, तर त्याला आत ६२५ वॅट लागतात. १४.४ व्होल्टला ते ४३ अँपिअर होतात, १२ व्होल्टला ५२ आणि ११ व्होल्टला जवळजवळ ५७. तारेतला प्रवाह वाढला की तारेतली घट वाढते, म्हणजे टर्मिनलवरचे व्होल्टेज आणखी उतरते आणि प्रवाह आणखी वाढतो. हे चक्र फार वाईट आहे. मॉसफेटमधली उष्णता प्रवाहाच्या वर्गाने वाढत असल्यामुळे ते जळतात यात नवल नाही.

अनियंत्रित ॲम्प्लिफायर उलट वागतो. व्होल्टेज उतरले की त्याची कमाल शक्ती उतरते आणि ती देताना ओढला जाणारा प्रवाहही व्होल्टेजच्याच प्रमाणात कमी होतो. धागाकर्त्यांचा ॲम्प्लिफायर या दुसऱ्या प्रकारचा आहे, त्यामुळे त्याला या चक्राचा धोका नाही. मात्र स्पीकरला आहे. तरंग पूर्ण चौकोनी झाला तर त्याच शिखराच्या साइन तरंगापेक्षा दुप्पट शक्ती कॉइलमध्ये उष्णतेच्या रूपाने जाते. कमी व्होल्टेजवर आवाज दबलेला वाटला की माणूस गेन किंवा बेस बूस्ट वाढवतो, आणि कॉइल जळते ती या वाढीमुळे.

प्रतिसाद ५ (प्रतिसाद ३ लिहिणारा)

दुरुस्तीच्या बाजूने लिहिताना मी दोन्ही प्रकार एकत्र केले, ही दुरुस्ती मान्य आहे. यापुढे माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येकाला त्याचा पुरवठा कोणत्या प्रकारचा आहे हे आधी सांगेन. माझा आग्रह एवढाच की गेन वाढवून कमी व्होल्टेजची भरपाई कोणी करू नये.

प्रतिसाद ६

मी गाड्यांच्या विद्युत यंत्रणेचे काम करतो. चर्चा ॲम्प्लिफायरच्या आत चालली आहे. ती जरा बोनेटखाली आणतो.

शिसे-आम्लाच्या बॅटरीत सहा सेल असतात आणि पूर्ण भरलेल्या प्रत्येक सेलचे व्होल्टेज २.१ च्या आसपास असते, म्हणून स्वस्थ अवस्थेत १२.६ व्होल्ट दिसतात. निम्मी उतरलेली बॅटरी १२.२ च्या जवळपास दाखवते. बॅटरी चार्ज व्हायची तर बाहेरून याहून जास्त व्होल्टेज द्यावे लागते, म्हणून अल्टरनेटरचा रेग्युलेटर साधारण १३.८ ते १४.४ व्होल्ट राखतो. यातून एक गोष्ट आपोआप निघते आणि ती अनेकांच्या लक्षात येत नाही : इंजिन चालू असताना, अल्टरनेटर पुरा पडतो तोपर्यंत, बॅटरी ॲम्प्लिफायरला काहीच देत नसते. ती स्वतःच एक भार असते. मागणी अल्टरनेटरच्या क्षमतेबाहेर गेली आणि व्होल्टेज बॅटरीच्या स्वतःच्या पातळीपर्यंत घसरले, की मगच बॅटरी मदतीला उतरते. म्हणून ‘मोठी बॅटरी घ्या’ हा सल्ला इंजिन बंद ठेवून ऐकणाऱ्यासाठी अर्थपूर्ण आहे. चालत्या गाडीतली सततची तूट तो भरून काढू शकत नाही.

अल्टरनेटरवर लिहिलेला अँपिअरचा आकडा वेगाने फिरतानाचा असतो. इंजिन आयडलिंगला असताना त्याहून बराच कमी प्रवाह मिळतो, आणि हेडलाइट, पंखा, मागच्या काचेचा हीटर हे सगळे त्यातच वाटेकरी असतात. शिवाय तापमान वाढले की रेग्युलेटर व्होल्टेज जाणूनबुजून थोडे खाली आणतो, कारण गरम बॅटरीला जास्त व्होल्टेज सोसत नाही. अचानक मागणी आल्यावर अल्टरनेटरला सावरायलाही काही क्षण लागतात, कारण रोटरच्या कॉइलमधला प्रवाह वाढायला वेळ लागतो. हेडलाइटचे ठोक्यागणिक मंदावणे बऱ्याचदा एवढ्याच कारणाने होते आणि अल्टरनेटर सुस्थितीत असतानाही होते.

नव्या गाड्यांबाबत एक सावधगिरी बाळगावी लागते. इंधन वाचवण्यासाठी त्यांतला संगणक अल्टरनेटरचे व्होल्टेज सतत बदलत राहतो : बॅटरी भरलेली असेल तर ते तेराच्याही खाली आणतो आणि ब्रेक लावताना किंवा उतारावर पंधराच्या जवळ नेतो. अशा गाडीत एकाच दिवशी तोच ॲम्प्लिफायर वेगवेगळी कमाल शक्ती देईल आणि त्यात बिघाड काहीच नसेल. ऋण टर्मिनलवर प्रवाह मोजणारा सेन्सर असेल तर ॲम्प्लिफायरची अर्थिंगची तार थेट त्या टर्मिनलला जोडू नये. ती बॉडीला जोडावी, म्हणजे ओढलेला प्रवाह संगणकाच्या हिशेबात येतो.

प्रतिसाद ७

कपॅसिटरबद्दल कोणी लिहिले नाही. तो लावल्यावर दिवे लुकलुकणे कमी झाल्याचे मी स्वतः पाहिले आहे, म्हणून उत्सुकता आहे.

प्रतिसाद ८ (प्रतिसाद १ लिहिणारा)

कपॅसिटरमधली ऊर्जा मोजता येते, तेव्हा मोजूनच पाहू. एक फॅरडचा कपॅसिटर १४.४ वरून १२.६ व्होल्टपर्यंत उतरताना सुमारे २४ ज्यूल देतो. ॲम्प्लिफायर आत १००० वॅट ओढत असेल तर ही शिदोरी २४ मिलिसेकंदांत संपते. ४० हर्ट्झच्या सुराचे एक आवर्तन २५ मिलिसेकंदांचे असते. म्हणजे हा कपॅसिटर त्या सुराचे एक आवर्तनसुद्धा पुरते सांभाळत नाही, आणि त्यानंतर तो पुन्हा भरण्याचा भार त्याच अल्टरनेटरवर येतो.

त्याचा उपयोग शून्य आहे असे मी म्हणणार नाही. अगदी आखूड ठोक्यांची धार तो बोथट करतो, म्हणूनच आपल्याला दिवे शांत झालेले दिसले. परंतु तो ऊर्जा निर्माण करत नाही, आणि सरासरी तूट असेल तर ती त्याच्यामुळे भरून निघत नाही. धागाकर्त्यांची तक्रार लांबलेल्या सुराबद्दल आहे. तिथे कपॅसिटरकडून मला कोणतीही आशा नाही.

प्रतिसाद ९ (धागाकर्ता)

सर्वांचे मनःपूर्वक आभार. व्होल्टेज कुठे आणि किती हरवते हे मोजल्याशिवाय पुढे जाता येणार नाही, असे या सर्व प्रतिसादांवरून दिसते. माझ्याकडे साधा डिजिटल मल्टिमीटर आहे आणि डीसी प्रवाह मोजणारा क्लॅम्प मीटर एका स्नेह्यांकडून मिळू शकतो. मोजणी नेमकी कशी करावी?

प्रतिसाद १० (प्रतिसाद २ लिहिणारा)

संगीत लावून मोजू नका. संगीतात शिखरे उंच आणि सरासरी फार कमी असते, आणि साध्या मीटरचा आकडा इतक्या झरझर बदलणाऱ्या व्होल्टेजमागे धावू शकत नाही. एका स्थिर साइन सुराची फाइल घ्या. आपल्या सबवूफरची पेटी पोर्टची, म्हणजे हवेसाठी नळीसारखे तोंड ठेवलेली, असेल तर ती ज्या वारंवारतेला ट्यून केलेली आहे तोच सूर घ्या, कारण तिथे सबवूफरचा रोध कमी असतो आणि कोनची हालचालही कमी असते. इतर वारंवारतांना पेटीतल्या सबवूफरचा रोध छापील आकड्याच्या कितीतरी पट वाढलेला असू शकतो, आणि मग प्रवाह कमी पाहून आपली दिशाभूल होते. सूर प्रत्येक वेळी चार-पाच सेकंदच वाजवा आणि मध्ये कॉइल थंड होऊ द्या. कानांचीही काळजी घ्या.

इंजिन आयडलिंगला ठेवून, पूर्ण पातळीच्या सुरावर चार ठिकाणी मोजा. पहिले, बॅटरीच्या दोन टर्मिनलांमध्ये. दुसरे, ॲम्प्लिफायरच्या धन व अर्थिंग टर्मिनलांमध्ये. तिसरे, बॅटरीच्या धन टर्मिनलपासून ॲम्प्लिफायरच्या धन टर्मिनलपर्यंत. म्हणजे मीटरची एक टोकणी इथे आणि लांब तार जोडून दुसरी तिथे. चौथे, तसेच ऋण बाजूला. शेवटची दोन मापे प्रवाह वाहत असतानाच घ्यायची. प्रवाह नसेल तर कुजलेला जोडसुद्धा शून्य दाखवतो, म्हणूनच ओहमच्या पट्टीवर मोजून ‘सगळे ठीक आहे’ असे ठरवणारे नेहमी फसतात. ऋण बाजू मोजायला विसरू नका. लोक धन तारेवर भरपूर विचार करतात आणि अर्थिंगसाठी हाताला लागेल तो स्क्रू वापरतात.

प्रतिसाद ११ (धागाकर्ता)

आज मोजणी केली. पेटी पोर्टची असून ३६ हर्ट्झला ट्यून केलेली आहे, त्यामुळे तोच सूर वापरला.

सूर नसताना आयडलिंगला बॅटरीवर १४.१ व्होल्ट होते. सूर चालू असताना ते १३.६ झाले. त्याच वेळी ॲम्प्लिफायरच्या टर्मिनलवर मात्र फक्त १२.४ व्होल्ट मिळाले. धन बाजूची घट ०.७ व्होल्ट आणि अर्थिंगच्या बाजूची ०.५ व्होल्ट आली. क्लॅम्प मीटरवर प्रवाह ४५ अँपिअर दिसला.

धन तार सुमारे ५ मीटर लांब आणि १० चौरस मिलिमीटर जाडीची आहे. आवरण सोलून टोकाशी खरवडल्यावर आत चंदेरी रंग दिसला. अर्थिंगचा बोल्ट मागच्या सीटखालच्या पत्र्यावर आहे.

प्रतिसाद १२ (प्रतिसाद १ लिहिणारा)

इतक्या काळजीपूर्वक घेतलेली मापे क्वचित वाचायला मिळतात. ती एकमेकांशी किती सुंदर जुळतात ते पाहा. टर्मिनलवर १२.४ व्होल्ट असतील तर आपल्या अनियंत्रित ॲम्प्लिफायरची कमाल शक्ती ६०० ऐवजी ४४५ वॅट होते. दुसऱ्या बाजूने, १२.४ गुणिले ४५ म्हणजे ५५८ वॅट आत जात आहेत आणि ८० टक्के कार्यक्षमता धरली तर बाहेर ४४६ निघतात. म्हणजे त्या सुराला आपल्या सबवूफरचा रोध खरोखर २ ओहमच्या जवळ आहे, आणि ॲम्प्लिफायर निरोगी आहे.

आता नुकसानाची वाटणी पाहू. अल्टरनेटर आणि बॅटरीच्या बाजूला १४.१ चे १३.६ झाले, म्हणजे अर्धा व्होल्ट, आवाजात ०.३ डेसिबल. तारा आणि जोडांमध्ये १३.६ चे १२.४ झाले, म्हणजे १.२ व्होल्ट, आवाजात ०.८ डेसिबल. मला यातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट ही वाटते की हेडलाइटना फक्त तो अर्धा व्होल्टच ‘दिसतो’. त्यांची तार वेगळी, त्यांची वाट वेगळी. आपल्याला मिळालेले तिन्ही सल्ले, मोठी बॅटरी, कपॅसिटर आणि अल्टरनेटर, डोळ्यांना दिसणाऱ्या त्या लहान नुकसानासाठी होते. मोठे नुकसान सीटखाली, कोणाच्याही नजरेस न पडता होत होते.

तारेचे कोडेही सुटते. शुद्ध तांब्याच्या १० चौरस मिलिमीटरच्या ५ मीटर तारेचा रोध ८.६ मिलिओहम असतो आणि ४५ अँपिअरला त्यात ०.३९ व्होल्ट घटतात. आपली घट त्यापेक्षा बरीच जास्त आहे. आत दिसलेला चंदेरी रंग ॲल्युमिनियमचा आहे. त्यावर तांब्याचा केवळ मुलामा आहे. अशा तारेचा रोध शुद्ध तांब्याच्या साधारण १.६ पट असतो. त्या हिशेबाने तारेत ०.६२ व्होल्ट आणि उरलेले ०.०८ फ्यूजच्या घरात आणि लगमध्ये (तारेच्या टोकाला बसवलेल्या धातूच्या कड्यात) जात असावेत.

अर्थिंगची अर्धा व्होल्ट घट मात्र कोणत्याही हिशेबात बसत नाही. आखूड तारेत एवढी घट होऊच शकत नाही. तो बोल्ट रंगावर बसलेला आहे, असे मी इथे बसूनही सांगू शकतो.

प्रतिसाद १३ (प्रतिसाद ६ लिहिणारा)

सहमत आहे. आधी अर्थिंग दुरुस्त करा, कारण त्याला वेळेशिवाय काहीही लागत नाही. बोल्टभोवतीचा रंग नाण्याएवढ्या जागेत पूर्ण खरवडून पत्रा चकचकीत करा, दाते असलेला वॉशर वापरा, लग व्यवस्थित क्रिम्प केलेला असू द्या, घट्ट केल्यावर वरून गंज न चढण्यासाठी ग्रीस किंवा रंग लावा. सीटबेल्टचा बोल्ट अर्थिंगसाठी कधीही वापरू नका. छिद्र नवे पाडणार असाल तर पत्र्याखाली इंधनाची नळी किंवा टाकी नाही ना, हे खालून पाहून घ्या.

तार बदलताना २५ चौरस मिलिमीटरची शुद्ध तांब्याची घ्यावी. ५ मीटरला तिचा रोध ३.४ मिलिओहम येतो. मुख्य फ्यूज बॅटरीपासून ४५ सेंटिमीटरच्या आत असलाच पाहिजे. तो ॲम्प्लिफायरच्या संरक्षणासाठी नसून तारेच्या संरक्षणासाठी आहे : अपघातात तार घासून बॉडीला टेकली, तर फ्यूजच्या अलीकडचा तुकडा कोणाच्याही संरक्षणाखाली नसतो. बॅटरीचा ऋण जोड, इंजिन ते बॉडी आणि अल्टरनेटर ते बॅटरी या तीन मूळ तारांचे जोडही त्याच वेळी साफ करून घ्या. त्या जाड करण्याची गरज ४५ अँपिअरसाठी मला तरी दिसत नाही.

प्रतिसाद १४ (धागाकर्ता)

आपण सांगितल्याप्रमाणेच निघाले. बोल्टखाली रंगाचा अखंड थर होता. संपर्क फक्त आट्यांमधून होत होता आणि लगच्या एका बाजूला काळसर डागही पडला होता. पत्रा घासून नवा लग बसवला, धन तार बदलली आणि पुन्हा तीच मोजणी केली.

बॅटरीवर पूर्वीसारखेच १३.६ व्होल्ट आहेत. ॲम्प्लिफायरवर आता १३.३ मिळतात. अर्थिंगची घट ०.०५ व्होल्ट उरली आहे आणि प्रवाह ४८ अँपिअर झाला आहे. हेडलाइट पूर्वीइतकेच मंदावतात आणि आता त्याचे कारण मला ठाऊक असल्यामुळे त्याची चिंता वाटत नाही. आवाज मोठा झाला असे प्रामाणिकपणे म्हणता येणार नाही, पण लांब सूर मध्येच बोथट होण्याचा प्रकार पूर्ण थांबला आहे. एक शंका उरते : आता गेन पुन्हा लावावा का, आणि लावायचा तर इंजिन चालू ठेवून की बंद? गाडी उभी करून, इंजिन बंद ठेवूनही मी बऱ्याचदा ऐकतो.

प्रतिसाद १५ (प्रतिसाद २ लिहिणारा)

आवाज मोठा वाटत नाही हे हिशेबाला धरूनच आहे. १२.४ चे १३.३ होणे म्हणजे ४४५ वॅटचे ५१२ होणे, आणि डेसिबलमध्ये फक्त ०.६. बोथटपणा गेला, कारण आपला गेन ज्या पातळीवर लावलेला होता ती पातळी आता रेलच्या आत बसते.

गेन पुन्हा अवश्य लावा. इंजिन चालू असताना ५१२ वॅट २ ओहमवर म्हणजे स्पीकरच्या टर्मिनलवर ३२ व्होल्ट एसी. इंजिन बंद केल्यावर बॅटरी १२.६ वरून भाराखाली १२.३ च्या आसपास येईल, तारांमध्ये आणखी पाव व्होल्ट जाईल, आणि टर्मिनलवर साधारण १२ उरतील. तेव्हा ॲम्प्लिफायर ४२० वॅटच्या जवळपास, म्हणजे २९ व्होल्टपर्यंतच स्वच्छ वाजेल. आपण गेन ३२ वर लावला तर चालत्या गाडीत सर्व उत्तम वाजेल, पण उभ्या गाडीत तीच शिखरे छाटली जातील. २९ वर लावला तर दोन्ही ठिकाणी स्वच्छ वाजेल आणि चालत्या गाडीत आपण गमावाल ते अवघे ०.९ डेसिबल. आपण बऱ्याचदा इंजिन बंद ठेवून ऐकता, त्यामुळे मी आपल्या जागी असतो तर निःशंकपणे २९ निवडले असते.

लावताना स्टिरिओचा आवाज कमाल पातळीच्या साधारण तीन चतुर्थांशावर ठेवा, बेस बूस्ट आणि इक्वलायझर शून्यावर असू द्या, स्पीकरची तार ॲम्प्लिफायरपासून सोडवा आणि ३६ ऐवजी ५० हर्ट्झचा सूर वापरा, कारण बरेचसे साधे मल्टिमीटर त्या वारंवारतेच्या आसपासच अचूक असतात. स्पीकर सोडवलेला असल्यामुळे रेल मात्र भाराखाली उतरणार नाहीत. म्हणून ‘क्लिपिंग सुरू होईपर्यंत वाढवा’ ही पद्धत इथे चालणार नाही. मीटरवर २९ दिसताच थांबा.

प्रतिसाद १६ (धागाकर्ता)

गेन २९ व्होल्टवर लावला. इंजिन बंद ठेवून वीस मिनिटे ऐकले, एकही सूर फाटला नाही, आणि त्यानंतर बॅटरीवर १२.४ व्होल्ट शिल्लक होते. लोखंडी पत्र्यावरचा जोड कंपनांनी सैल होतो असे वाचले आहे, म्हणून महिन्याभराने अर्थिंगची घट पुन्हा मोजून इथेच आकडा नोंदवेन.